परमुलखातला फोन

आजचा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हाला रस्त्यातच गाठून विचारले, "काय हो, मोबाईल घेणे यात तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? दुकानात जावे, पैसे मोजावे, घेऊन यावे!" त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. आपल्या गावात राहून आपल्या गावचा फोन घेणाऱ्याला असेच वाटणार. आधार कार्ड पुढे केले, यंत्रावर बोट टेकले, एक छायाचित्र काढू दिले, की थोड्याच वेळात नंबर सुरू होतो. परंतु हेच गृहस्थ उद्या चार वर्षांकरिता टोकियोला राहायला गेले, तर खिशात पैसे असून आणि हातात चांगला किमती फोन असून त्यांना महिनाभर कोणाशी बोलता येऊ नये, असे घडू शकते. आमच्या बाबतीत ते घडले.

हा विषय आम्ही किरकोळ समजत नाही, त्याला आणखीही एक कारण आहे. आज आपल्या गावात अशी आळी सापडणे कठीण, की जिथल्या एखाद्या तरी घरातला मुलगा, मुलगी किंवा सून परदेशी नाही. मुलगा विमानात बसला की आई देवापाशी दिवा लावते आणि वडील फोनकडे बघत बसतात. 'पोचलो' एवढा निरोप विमानतळावरच्या फुकट इंटरनेटवरून येतो, आणि मग चार-चार दिवस शांतता. आई म्हणते, विसरला. वडील म्हणतात, साधा नंबर घ्यायला याला आठवडा लागतो? हे संवाद आम्ही पुष्कळ घरांतून ऐकले आहेत. तो मुलगा विसरलेला नसतो. तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे हिंडत असतो. त्या खिडक्या कोणत्या, आणि तिथे त्या कोणी व कशासाठी बसवल्या, हे आज सांगायचे आहे. देशोदेशींचे नियम निराळे; सगळेच सांगू गेलो तर कुठलेच धड सांगून होणार नाही. आम्ही २०१३ च्या शरद ऋतूपासून साडेतीन वर्षे टोकियोत राहिलो, म्हणून जपानचेच सांगतो.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. मोबाईल म्हणजे हातातली पेटी असे आपण धरून चालतो. वास्तविक ते एक लहानसे रेडिओ केंद्र आहे. ते ठराविक लहरींवर आणि ठराविक भाषेत बोलते. समोरच्या मनोऱ्याला त्याच लहरी आणि तीच भाषा येत असेल तर संभाषण होते, नाहीतर दोघेही मुके. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून मोबाईलचा मुहूर्त केला, तो जीएसएम या युरोपीय पद्धतीवर. जपानने ही पद्धत कधीच स्वीकारली नाही. तिथे १९९३ पासून पीडीसी नावाची त्यांची घरची पद्धत चालू होती, आणि ती जपानबाहेर कोठेही रुजली नाही. त्यामुळे २००० च्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी आपले जे तरुण टोकियोला गेले, त्यांच्या खिशातला हिंदुस्थानातला फोन विमानातून उतरताच वेळ बघण्यापुरता उरे. ऑक्टोबर २००१ मध्ये तिथे तिसऱ्या पिढीची सेवा सुरू झाली. ही पद्धत पुढे जगभर पसरली आणि तेव्हापासून जपान व बाकीचे जग यांच्यातली ही भिंत हळूहळू खाली आली. आज अलीकडचा बहुतेक फोन तिथल्या लहरी ओळखतो.

तथापि दोन बारीक काटे राहिलेच आहेत. तिथल्या कंपन्या तिसऱ्या पिढीची जाळी गुंडाळीत आल्या आहेत. केडीडीआयने ती २०२२ च्या मार्चअखेर बंद केली, सॉफ्टबँकेने २०२४ मध्ये. जुने जाळे गेले की बोलणेसुद्धा चौथ्या पिढीच्या जाळ्यावरूनच करावे लागते. आणि परदेशात घेतलेल्या काही फोनांत ही सोय तिथल्या कंपनीपुरती उघडलेली नसते. मग इंटरनेट चालते, चित्रे दिसतात, आणि बोलणे तेवढे होत नाही. दुसरा काटा कायद्याचा. जपानमध्ये लहरी सोडणाऱ्या प्रत्येक उपकरणावर 'गितेकि' नावाचे सरकारी मान्यतेचे चिन्ह असावे लागते. पाहुण्याला २०१६ पासून नव्वद दिवसांची सवलत आहे; राहणाऱ्याला नाही. तेव्हा ज्याचा मुलगा तिकडे निघाला असेल त्याने नवा फोन इथे हौसेने घेऊन देण्यापूर्वी त्यात हे चिन्ह आहे की नाही, ते पाहावे. काही फोनांत ते आतल्या माहितीच्या पानावर दिसते.

असो. यंत्राची अडचण पैशाने सुटते. पुढची अडचण पैशाने सुटत नाही, आणि आमच्या मते खरा विषय तिथेच सुरू होतो.

दुकानातली मुलगी अत्यंत अदबशीर होती. जपानी दुकानात नाही म्हणण्याची जी पद्धत आहे, ती एखाद्याला इतकी गोड वाटेल की आपल्याला नकार मिळाला हे रस्त्यावर आल्यावर कळावे. तिने आमच्याकडे तीन गोष्टी मागितल्या : राहण्याचा परवाना, त्या परवान्यावर नोंदलेला पत्ता, आणि पैसे दरमहा वळते करण्यासाठी जपानी बँकेचे खाते किंवा तिथले क्रेडिट कार्ड. आम्ही रोख पैसे पुढे केले. ती लाजली आणि वाकून म्हणाली, "क्षमा करावी." त्या क्षणी आम्हाला रागच आला. रोख पैसे घ्यायला नकार देणारा दुकानदार आम्ही जन्मात पाहिला नव्हता.

पुढे कारण समजले तेव्हा राग ओसरला. २००० नंतरच्या वर्षांत जपानमध्ये एका फसवणुकीने धुमाकूळ घातला होता. भर दुपारी एखाद्या वृद्ध बाईच्या घरी फोन वाजतो. पलीकडून रडवेला, घोगरा आवाज येतो, "ओरे, ओरे", म्हणजे "अगं, मी, मी बोलतोय." आपण होऊन तो नाव सांगत नाही. ती माउली घाबरून विचारते, "कोण, ताकाशी का?" झाले; त्या क्षणापासून तो ताकाशी होतो. "आई, गाडीची धडक झाली आहे, समोरच्याला आजच पैसे द्यायला हवेत, अमुक खात्यावर भर, आणि बाबांना काही बोलू नकोस." आई धावत बँकेत जाते. या प्रकाराला लोकांनी नावच पाडले, 'ओरे-ओरे सागि', म्हणजे 'मी-मी'ची लबाडी. पोलिस त्या नंबराच्या मागे गेले की शेवटी हाती काय लागे? आगाऊ पैसे भरून घेतलेला, कोणाच्याच नावावर नसलेला एक मोबाईल, आणि कोणीतरी विकून टाकलेले एक बँकेचे खाते. म्हणून २००५ साली जपानच्या संसदेने कायदा केला, की बोलण्याचा मोबाईल, मग तो आगाऊ पैशाचा का असेना, माणसाची ओळख पटवल्याखेरीज कोणालाही देऊ नये, आणि तो परस्पर दुसऱ्याला देऊ अथवा विकू नये. देश सोडून जाणारे काही परकी लोक आपले खाते आणि फोन जाता जाता विकून टाकतात, हाही अनुभव तिकडे आहे. आज आपल्याकडे 'डिजिटल अटके'ची भीती घालून निवृत्त माणसांची आयुष्याची पुंजी काढून घेणारे महाभाग उपटले आहेत. तेव्हा जपानी आईची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. त्या दुकानातली मुलगी आमच्यावर संशय घेत नव्हती. ती एका न पाहिलेल्या म्हातारीचे रक्षण करीत होती, आणि त्याचा जाच आम्हाला होत होता.

आता हा जाच कसा गोल फिरतो ते पाहा. विमानतळावर उतरताच राहण्याच्या परवान्याचे कार्ड मिळते. ही पद्धत जुलै २०१२ पासूनची. त्यावर पत्ता नसतो. घर मिळाले म्हणजे चौदा दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत जायचे, मग कारकून कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता नोंदवून देतो. पण घर मिळायचे तर जामीन लागतो. जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, आणि खातरजमा करण्यासाठी त्या भाडेकरूला फोन करतात. कोणत्या नंबरावर? बँकेत खाते काढायला गेलो तर अर्जात एक चौकट, 'फोन नंबर'. ती रिकामी ठेवलेली चालत नाही. फोनच्या दुकानात गेलो तर 'बँकेचे खाते'. शिवाय आपण जपानात येऊन सहा महिने झाले नसतील तर पुष्कळ बँका खाते देण्यास खळखळ करतात, विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर विशेष. आपल्याकडे म्हण आहे, लग्न झाल्याखेरीज वेड जात नाही आणि वेड गेल्याखेरीज लग्न होत नाही. ती म्हण ज्याने रचली तो कधीतरी टोकियोच्या वॉर्ड कचेरीत जाऊन आला असावा, अशी आमची खात्री आहे.

हे वर्तुळ सुटते कसे? कोठेतरी एका माणसाने आपला शब्द मध्ये घालावा लागतो. आमच्या बाबतीत तो कचेरीतल्या एका वयस्क सहकाऱ्याने घातला. त्याने घराच्या अर्जावर आणि पोस्टाच्या बँकेच्या अर्जावर कचेरीचा नंबर लिहायला सांगितला आणि म्हणाला, "फोन आला तर मी 'हो' म्हणेन." पोस्टाच्या बँकेने पासबुक दिले. पैसे काढण्याचे कार्ड मात्र रजिस्टर टपालाने घरी यायचे होते. ते आले तेव्हा आम्ही दोघेही घराबाहेर होतो. पोस्टमनने दारात चिठ्ठी टाकली होती : पुन्हा केव्हा येऊ ते कृपया या नंबरावर फोन करून कळवावे. ती चिठ्ठी आम्ही अजून जपून ठेवली आहे.

नावाचाही घोळ झालाच. पासपोर्टवर आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तीन डब्यांचा ऐवज असतो. जपानी अर्जात दोनच चौकटी, आणि त्याही लहान. त्यात परकी नाव काताकाना लिपीत लिहायचे. जपानीत 'ल' आणि 'र' एकच. जोडाक्षर फोडून प्रत्येक तुकड्याला स्वर लावावा लागतो. आमच्या इमारतीतले कुलकर्णी तिकडे 'कुरुकारुनि' झाले होते. चेष्टेपुरते हे ठीक आहे. परंतु आमच्या आडनावातल्या जोडाक्षराची फोड बँकेने एक केली आणि फोनच्या दुकानाने दुसरी केली. आणि यंत्राच्या हिशेबी बँकेतला गृहस्थ वेगळा, फोन मागणारा वेगळा. अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. म्हणून तिकडे जाणाऱ्यांना आम्ही सांगतो, पहिल्या दिवशी वॉर्ड कचेरीत बसून आपल्या नावाची एकच जपानी फोड ठरवावी, ती कागदावर लिहून खिशात ठेवावी, आणि प्रत्येक खिडकीवर त्याच कागदाची नक्कल करावी.

हे सर्व चालले असताना आम्ही अगदीच मुके नव्हतो. केवळ इंटरनेटचे सिम मिळते. त्याला बोलण्याचा नंबर नसतो, आणि २००५ चा कायदा बोलण्याच्या फोनापुरता असल्यामुळे आमच्या वेळी ते एका मोठ्या दुकानात कागदपत्रांवाचून मिळाले. घरी व्हिडिओवर बोलता येई. पुण्याला आईचा चेहरा दिसे, तिला आमचा दिसे. एका विशिष्ट ॲपवरून पैसे देऊन ०५० ने सुरू होणारा नंबर मिळतो, तोही घेतला. आम्हाला वाटले, आता काय उणे आहे? लोक उगाच बाऊ करतात.

नोव्हेंबरातल्या एका रात्री दीड वाजता आमच्या सौभाग्यवतींच्या पोटात कळ आली. आधी वाटले अपचन. मग घाम फुटला, बोलता येईना. जपानात रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे आम्हाला ठाऊक होते, शिकवलेले पाठही होते. आम्ही ११९ फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. फोनवर इंटरनेटची खूण पूर्ण भरलेली, आणि कॉल जाईना. ०५० च्या ॲपवरून लावला, तर या नंबरावर लावता येत नाही अशी पाटी आली. त्या रात्री आम्हाला जे कळले ते असे : इंटरनेटच्या सिमवरून ११० आणि ११९ लागत नाहीत, आणि ०५० च्या बहुतेक सेवांवरूनही लागत नाहीत. आपत्कालीन कॉल कोठून आला हे मनोऱ्यावरून तपासून जवळच्या केंद्राकडे तो वळवायचा असतो. इंटरनेटवरून हवेतून आलेल्या आवाजाला तसा पत्ता नसतो. बोलण्याचा नंबर असणे म्हणजे काय, हे त्या यंत्रणेच्या दृष्टीने एवढेच, की हा माणूस कोठे आहे हे शोधता येईल.

आम्ही चपला न घालता शेजारच्या दारावर थाप मारली. तिथे सत्तरीच्या एक बाई एकट्या राहत. ज्यांच्यासाठी तो सारा कायदा केला होता, त्याच वयाच्या. तोवर आमचा त्यांचा संबंध जिन्यात मान लववण्यापलीकडे गेला नव्हता. त्यांनी दार उघडले, आमच्या तोंडाकडे पाहिले, आणि काही न विचारता भिंतीजवळच्या जुन्या फोनापाशी गेल्या. ११९ वर पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, "काजि देसु का, क्यूक्यू देसु का", आग आहे की रुग्णवाहिका हवी आहे. बाईंनी उत्तर दिले, पत्ता सांगितला, मजला सांगितला, आणि मग अंगावर कोट घालून खाली फाटकात जाऊन दिवा दाखवीत उभ्या राहिल्या. मूत्रखडा होता. चार दिवसांत सौ. घरी आल्या. परंतु त्या बाई त्या रात्री बहिणीकडे गेलेल्या असत्या तर काय, हा प्रश्न आमच्या डोक्यातून पुष्कळ दिवस गेला नाही.

आमच्या घरापासून तीनशे पावलांवर स्टेशनच्या दाराशी हिरव्या रंगाचा सार्वजनिक फोन होता, हे आम्हाला मागाहून सुचले. त्या फोनांवरून नाणे न टाकता ११९ लागतो. रोज त्याच्या शेजारून जात होतो, तो दिसला कधी नाही. नव्या गावी गेल्यावर पहिल्या संध्याकाळी असा फोन कोठे आहे हे पाहून ठेवा, हे आता आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्याला आणखीही कारण आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यापाशी मोठा भूकंप झाला, तेव्हा प्रत्येकाने एकाच वेळी घरी फोन लावला. जाळे कोसळू नये म्हणून कंपन्यांनी बोलण्याचे कॉल रोखून धरले. सर्वांत मोठ्या कंपनीने नव्वद टक्क्यांपर्यंत रोखले. इंटरनेटवरचे निरोप मात्र बरेच पोचत राहिले, आणि सार्वजनिक फोनांवर ही बंधने नसल्यामुळे त्यांच्यापुढे रांगा लागल्या. म्हणजे आमच्या रात्री जे निरुपयोगी ठरले ते इंटरनेटचे सिम त्या दिवशी बोलण्याच्या फोनापेक्षा उपयोगी ठरले असते. दोन्ही हवीत. जपानात १९९८ पासून १७१ नावाची एक सोय आहे : मोठ्या आपत्तीत त्या नंबरावर आपल्या आवाजात निरोप ठेवायचा, आणि घरच्यांनी तो ऐकायचा. पण निरोप ठेवण्याची आणि शोधण्याची किल्ली म्हणजे पुन्हा फोन नंबरच. भूकंपाचा धक्का पोचण्याआधी काही सेकंद फोनवर जो कर्कश इशारा वाजतो, तो परदेशात घेतलेल्या प्रत्येक फोनवर वाजेलच अशी खात्री देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

टोकियोत एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाई भागात आपली बरीच मंडळी राहतात. गावातल्या बँका आणि कंपन्यांकडे तिथून थेट रेल्वे जाते, म्हणून संगणकवाले तिथे वसले. त्याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली आपल्या महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. या भागात नव्याने आलेल्या माणसाला फोनसाठी कोणत्या दुकानात जावे, कोणत्या वारी तिथे इंग्रजी जाणणारा कारकून असतो, हे जुनी मंडळी जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकतात. जो तिथे न राहता दूरच्या विद्यापीठाच्या गावी एकटा जातो, त्याला हे सांगणारे कोणी नसते. उशीर त्याला होतो.

दुसऱ्या टोकालाही एक फोन असतो, त्याची आठवण कोणालाच राहत नाही. तो म्हणजे आपला हिंदुस्थानातला जुना नंबर. परदेशी गेल्यावर लोक म्हणतात, आता त्याचे काय काम? काम असे, की इथल्या बँकेत पैसे हलवायचे, विम्याचा हप्ता भरायचा, प्राप्तिकराचे पत्रक भरायचे, की परवलीचे सहा आकडे त्या नंबरावर येतात. काही बँका ते परदेशी नंबरावर पाठवतात, काही पाठवीत नाहीत. आपल्याकडे ओळीने नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद करण्याची मोकळीक कंपनीला आहे, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याच माणसाला मिळतो. आमच्या ओळखीच्या एका तरुणाचा असाच गेला. त्याच्या बँकेचे आकडे काही दिवस दुसऱ्याच कोणाला जात होते. परदेशी नंबरावरून यूपीआय वापरण्याची मुभा जानेवारी २०२३ मध्ये प्रथम ज्या दहा देशांना जाहीर झाली, त्यांत सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड, आखातातले काही देश होते, जपान नव्हता. म्हणून जाणाऱ्याने जुने सिम फोनच्या दुसऱ्या खणात चालू ठेवावे आणि इथे घरच्या कोणीतरी त्यात वेळेवर पैसे भरावे. हे काम वडिलांना द्यावे. त्यांना ते आवडते.

शेवटी आमचा फोन जानेवारीत आला. सगळे कागद जुळले, नावाची फोड जुळली, आणि त्याच अदबशीर मुलीने दोन्ही हातांनी पेटी पुढे केली. करार दोन वर्षांचा. त्या काळी पद्धत अशी होती, की दोन वर्षे संपल्यावर ठराविक मुदतीतच करार मोडायचा. ती मुदत हुकली की आपोआप आणखी दोन वर्षे, आणि मध्येच मोडला तर साडेनऊ हजार येन दंड. फोनला कुलूपही घातलेले असे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात चालू नये. दोहोंवर तिथे पुष्कळ टीका झाली. ऑक्टोबर २०१९ पासून दंडाला एक हजार येनांची मर्यादा आली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकणेच मुळात बंद करण्यात आले. आज जाणाऱ्याला दुसऱ्याची जाळी भाड्याने घेऊन स्वस्तात सेवा देणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत, त्यांपैकी काही परक्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवूनच काम करतात आणि पैसे कोपऱ्यावरच्या दुकानात भरू देतात. आमच्यापेक्षा त्यांचे दिवस बरे आहेत. हप्त्यावर फोन घेण्याचा मोह मात्र टाळावा. परवान्याची मुदत हप्त्यांच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर दुकानदार बहुधा तो देतच नाहीत, आणि दिला तर जाताना सगळी रक्कम एकदम उभी राहते.

जाताना आणखी एक गोष्ट होते. शेवटच्या महिन्याचे बिल आपण निघून गेल्यावर येते, आणि बँकेचे खाते तर निघण्यापूर्वी बंद करायचे असते. आम्ही हे आधी विचारले, म्हणून बचावलो. कंपनीने अंदाजाने रक्कम काढून रोख घेतली. होय, या वेळी रोख घेतली. करार मोडण्याच्या अर्जावर खाली एक चौकट होती, काही शंका आल्यास आपल्याशी कोणत्या नंबरावर संपर्क साधावा. खिडकीतल्या तरुणाने ती चौकट पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि आपण होऊन म्हणाला, "घरचा चालेल." आम्ही पुण्याचा लिहिला.